रॉड मालकाचा, पडदा भाडेकरूचा

भाड्याने घर घेताना जो करारनामा होतो, त्याच्या शेवटी एक यादी जोडलेली असते. दलाल पानं भराभर उलटतो आणि आपण फक्त सही कुठे करायची तेवढं विचारतो. पण कधीतरी ती यादी सावकाश वाचून बघा, मजेशीर प्रकार असतो. पंखे ४, ट्यूबलाइट ५, गीझर १, एक्झॉस्ट फॅन १, पडद्यांचे रॉड ६. आणि पडदे? पडदे यादीत नसतात. (पूर्ण फर्निश्ड घरं सोडून द्या, तिथे चमचेसुद्धा मोजतात.)

पुण्यात आणि मुंबईत मिळून माझी आजवर सहा भाड्याची घरं झाली. सहाही ठिकाणी हीच तऱ्हा. घर सोडताना पडदे घडी करून बॅगेत, रॉड जागच्या जागी. हा नियम मला कुणी सांगितला नव्हता, तरी मालक, दलाल, भाडेकरू, सगळ्यांना तो पाठ. आमच्या धंद्यातला अनुभव असा, की जो नियम कुठेही लिहिलेला नसताना सगळे पाळतात, त्यामागे हमखास काहीतरी जुनी भानगड असते. म्हणून जरा खोदकाम केलं. भानगड निघाली, आणि ती चक्क इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन आलेली निघाली! तर आज त्याबद्दल. शेवटी, आहे त्या रॉडला कुठला पडदा घ्यावा हेही सांगतो, म्हणजे नुसताच कोरडा इतिहास व्हायला नको.

'पडदा' हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला. खिडकी झाकणं हे काही त्याचं एकमेव काम नव्हतं. पुष्कळदा तो भिंतीच्या जागीच असायचा. मुघल बादशहाची छावणी हे त्याचं टोकाचं उदाहरण. १६६४ च्या अखेरीस औरंगजेब दिल्लीहून काश्मीरकडे निघाला, तेव्हा फ्रांस्वा बर्निए हा फ्रेंच वैद्य त्या लवाजम्याबरोबर होता आणि त्याने छावणीचं तपशीलवार वर्णन लिहून ठेवलंय. बादशहाच्या तंबूंचे दोन पूर्ण संच असत. आज एका संचात मुक्काम, तोवर दुसरा संच हत्ती, उंट, खेचरं आणि हमालांच्या पाठीवरून पुढच्या मुक्कामाला जाऊन उभा राहिलेला. या पुढे जाणाऱ्या संचाला पेशखाना म्हणत. दरबार भरायची जागा कापडाची, जनानखाना कापडाचा, भोवती कनाती कापडाच्या. म्हणजे हिंदुस्थानातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाचं प्रवासातलं घर म्हणजे मुख्यतः पडदेच. खांब आणि दोऱ्या तेवढ्या आधाराला.

युरोपातही फार वेगळं नव्हतं. मध्ययुगात राजे आणि सरदार एका गढीतून दुसऱ्या गढीत फिरत असत. दगडी भिंती थंडगार, त्या तिथेच राहायच्या. त्यांच्यावर टांगायच्या विणलेल्या जाड टॅपेस्ट्री मात्र गुंडाळून बरोबर न्यायच्या. भाषेत याची खूण अजून शिल्लक आहे. फ्रेंचमध्ये फर्निचरला 'म्यूब्ल' म्हणतात, म्हणजे हलणारी वस्तू, आणि इमारतीला 'इम्यूब्ल', म्हणजे न हलणारी. शेक्सपियरने १६१६ च्या मृत्युपत्रात बायकोला आपला दोन नंबरचा चांगला पलंग 'फर्निचरसकट' ठेवला, त्यावरून लोक चारशे वर्षं गालातल्या गालात हसतायत. पण त्या काळी पलंगाचं फर्निचर म्हणजे गाद्या, पांघरुणं आणि भोवतीचे पडदे. या कापडाची किंमत मोठी असायची, लाकडाच्या सांगाड्याहूनही जास्त असू शकायची.

आणि मराठीत? आपल्याकडे तर याला एक झकास शब्द आहे, बिऱ्हाड. राहायची जागाही बिऱ्हाड आणि उचलून न्यायचा संसारही बिऱ्हाड. भाडेकरू तो बिऱ्हाडकरू. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर हे आपण थट्टेने म्हणतो, पण त्या म्हणीत घर म्हणजे भिंती नव्हेत, आपल्याबरोबर चालतं ते घर, असं गृहीतच धरलेलं आहे.

इथवर सगळं सोपं आहे. घोळ होतो तो पडदा भिंतीला खिळ्याने ठोकला की. आता तो भिंतीचा की माणसाचा?

जमिनीला जे जोडलं ते जमिनीचं, हा रोमन कायद्यापासूनचा दंडक. मग घर एकाकडे गेलं आणि सामान दुसऱ्याकडे, तर भिंतीवर लावलेलं कापड कुणी न्यायचं? १७०६ साली इंग्लंडच्या चॅन्सरी कोर्टापुढे नेमका हाच प्रश्न आला. भिंतीवरची कापडं आणि मोठे आरसे ठोकून बसवलेले होते. कोर्ट म्हणालं, ही शोभेची वस्तू आहे, सामान आहे, घराचा भाग नव्हे. झालं, प्रश्न मिटला? छे! १८६६ साली हार्लॅक्स्टन नावाच्या अवाढव्य हवेलीच्या खटल्यात नेमका उलटा निकाल लागला. तिथल्या टॅपेस्ट्री त्या दालनांच्या रचनेचाच भाग आहेत, काढल्या तर दालन अपुरं राहील, सबब त्या घराबरोबर जाणार.

मग १८७२ चा माझा आवडता खटला. ब्रॅडफर्डची एक लोकरीची गिरणी गहाण पडलेली. तिथले माग खिळ्यांनी जमिनीला पक्के केलेले. ते गिरणीबरोबर गहाणदाराचे, की सामान म्हणून इतर देणेकऱ्यांचे? माग गिरणीचाच भाग ठरले. पण महत्त्वाचं आहे ते न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी केलेलं विवेचन. त्यांनी दोन प्रश्न विचारायला सांगितले. वस्तू किती घट्ट जोडली आहे? आणि कशासाठी जोडली आहे? जहाजाचा नांगर जमिनीत कितीही खोल रुतला तरी तो जमिनीचा होत नाही, कारण तो जमिनीसाठी रुतवलेला नसतो. उलट, दगड नुसते एकावर एक रचले, चुना न लावता, तरी ते कुंपणाची भिंत म्हणून रचले असतील तर जमिनीचे झाले. काय सुंदर तर्क आहे बघा! घट्टपणापेक्षा हेतू मोठा.

याच तर्काने १९०२ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने पडद्याच्या बाजूने कौल दिला. ल्यूटन हू नावाच्या हवेलीत एक बाई हयातीपुरत्या राहात होत्या. म्हणजे घर त्यांच्या मालकीचं नाही, मरेपर्यंत वापरायचं. श्रीमंत भाडेकरूच म्हणा ना! त्यांनी स्वतःच्या मौल्यवान टॅपेस्ट्री लाकडी पट्ट्या आणि कॅनव्हास वापरून भिंतींवर बसवल्या. त्या गेल्यावर भांडण लागलं. लॉर्ड्सनी सांगितलं, टॅपेस्ट्री नीट दिसायची तर कशाला तरी ताणून बसवावीच लागणार. ती भिंतीच्या भल्यासाठी लावली नव्हती, स्वतःच्या आनंदासाठी लावली होती. सबब ती बाईंच्या वारसांची. पुढे १९९६ साली लंडनमधल्या एका फ्लॅटवर बँकेने टाच आणली, तेव्हा तिथल्या अपील कोर्टानेही खिडकीचे पडदे घराचा भाग नाहीत असंच ठरवलं.

आता आपल्याकडे या. इंग्रजांनी हा सगळा विचार गुंडाळून आपल्या कायद्यांत ठेवला, आणि गंमत म्हणजे एकाच वर्षी, १८८२ साली, दोन वेगवेगळ्या कायद्यांत. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं १०८ वं कलम भाडेपट्ट्याने राहणाऱ्याला सांगतं, की तू जे जोडलंस ते ताबा सोडण्याआधी काढून नेऊ शकतोस, फक्त जागा जशी मिळाली तशी परत कर. दुसरा सुविधाधिकार कायदा, म्हणजे इंग्रजीतला ईझमेंट्स ॲक्ट. त्यात 'लायसन्स' ही कल्पना आहे. जागेवर हक्क नाही, फक्त वापरायची परवानगी. परवानगी संपली की माणसाला निघायला आणि त्याने तिथे ठेवलेलं सामान न्यायला वाजवी वेळ मिळतो, बस्स. इथे जोडण्याची भाषाच नाही, फक्त ठेवण्याची आहे.

आपण सगळे जो 'लीव्ह अँड लायसन्स' करतो ना, तो या दुसऱ्या कायद्याचा वंशज. आपण भाडं देतो, स्वतःला भाडेकरू म्हणवतो, पण कायद्याच्या भाषेत आपण परवानगीने सामान ठेवलेली माणसं आहोत.

हे असं का झालं, याचं उत्तर मुंबईत आहे. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली, मुंबईत पहिल्यांदा भाड्यांवर लगाम आला. मग दुसऱ्या महायुद्धानंतर १९४७ चा प्रसिद्ध मुंबई भाडे नियंत्रण कायदा. १ सप्टेंबर १९४० ला जागेचं जे भाडं होतं तेच प्रमाण धरायचं आणि भाडेकरूला सहजासहजी काढायचं नाही. गिरणगावातल्या, गिरगावातल्या चाळींमध्ये लोक पिढ्यानपिढ्या राहिले ते या कायद्याच्या छत्राखाली. आणि राहिले कसे? खिळे ठोकून! पोटमाळे घातले, फडताळं बसवली, ओटे बांधले. एका खोलीत दोन संसार असले तर मध्ये दोरी ताणून जुन्या साडीचा पडदा. नव्या जोडप्याची खोली म्हणजे तो पडदा. त्या पडद्याने किती संसार सांभाळले याचा हिशोब कुणी ठेवलेला नाही. पण पडद्याची दोरी ताणायला जो खिळा लागे, तो ठोकताना कुणाला मालकाची भीती नव्हती. आजच्या १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातही लाकडी पार्टिशन, स्वयंपाकाचा ओटा, जाळी, फॉल्स सीलिंग असल्या गोष्टी पक्कं बांधकाम म्हणून सहसा धरत नाहीत. मात्र ही सवलत खऱ्या भाडेकरूला, लायसन्सवाल्याला नाही.

मालकांनी यातून पळवाट काढली ती लायसन्सची. भाडेकरू नकोच, परवानगीवाला बरा. पण १९७३ साली सरकारने दुरुस्ती केली, की १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो लायसन्सवर राहतोय तोही भाडेकरू समजावा. एका रात्रीत हजारो पाहुणे घरचे झाले. मालकांनी याचा जो धसका घेतला, तो अजून गेलेला नाही. फ्लॅट कुलूप लावून ठेवू, पण द्यायचा नाही. दिलाच तर ११ महिने. हे ११ सुद्धा कुठून आले? १९०८ च्या नोंदणी कायद्यात एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं सक्तीचं, म्हणून एक महिना कमी! १९९९ चा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने लीव्ह अँड लायसन्सचा प्रत्येक करार लेखी करून नोंदवणं बंधनकारक केलं, शिवाय मुदत संपल्यावर जागा परत मिळायची सोय मालकाला करून दिली. म्हणजे ११ महिन्यांचं मूळ कारणच उरलं नाही. हल्ली दोन-तीन वर्षांचेही करार होतात, तरी तो ११ चा आकडा काही सुटत नाही. याला आमच्याकडे 'लेगसी कोड' म्हणतात. का आहे ते कुणाला ठाऊक नाही, पण हात लावायची हिंमत नाही. :-)

तर एकूण हिशोब असा. खिळा किती खोल ठोकायचा हे भिंतीवर अवलंबून नसतं, मुक्कामावर असतं. ज्याला राहायची खात्री, त्याने पोटमाळा बांधला. ज्याला ११ महिने, त्याला ड्रिलचं एक भोकही परवडत नाही, कारण ते डिपॉझिटमधून कापलं जातं. म्हणून आपल्या वाट्याला येतो तो आधीच्या कुणीतरी ठोकलेला रॉड. आणि पडदा निवडायचा तो त्याच्या तालावर.

आता वायदा केल्याप्रमाणे कामाचं. दुकानात जायच्या आधी रॉड वाचायला शिका. साधारण चार प्रकार सापडतात.

पहिला, चौकटीत दोन हुकांना ताणलेली स्प्रिंग. ही त्या चाळीतल्या दोरीचीच नात. हिला फक्त हलकं कापड, वर नेफा शिवलेलं. मलमल, पातळ सुती, जुनी साडी उत्तम. जाड, प्रकाश अडवणारा पडदा लावलात तर स्प्रिंग मधोमध पोट काढते.

दुसरा, दोन ब्रॅकेटांवर ठेवलेला गोल पाइप. याला नेफा, लूप, रिंगा, आयलेट, सगळं चालतं. पण दोन गोष्टी बघा. आयलेटचं आतलं भोक रॉडच्या जाडीपेक्षा निदान अर्धा इंच मोठं हवं, नाहीतर रोज सकाळी पडद्याशी कुस्ती. आणि रॉड लांब असून मध्ये तिसरा ब्रॅकेट असेल, तर आयलेट त्याला अडणारच. तिथे एक मोठा पडदा न घेता दोन घ्या, एकेका बाजूला. आयलेटची संख्या सम असावी, म्हणजे दोन्ही कडा भिंतीकडे वळतात.

तिसरा, पेल्मेटच्या आत दडलेला ॲल्युमिनियमचा ट्रॅक, जुन्या सोसायट्यांत हमखास. याला आयलेटचा पडदा चालतच नाही. मागे टेप शिवलेला, चुण्या घातलेला, हुकांचा पडदा लागतो. आधी ट्रॅकमधले रनर मोजा, निम्मे तुटलेले असतात. नवे हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळतात आणि ते बसवायला भिंतीला हात लावावा लागत नाही.

चौथा, एकात एक सरकणारा, लांबी कमीजास्त होणारा रॉड. याचा इतिहास वाचून मला फार बरं वाटलं. ब्रुकलिनमधले सॅम्युएल स्कॉट्रन या कृष्णवर्णीय संशोधकाने १८८० साली खिडकीच्या रुंदीप्रमाणे जुळवून घेता येणाऱ्या कॉर्निसचं पेटंट घेतलं, १८९२ साली पडद्याच्या रॉडचं. पुढे १९०७ साली मिशिगनमधल्या चार्ल्स किर्श यांनी चपटा सरकता रॉड बाजारात आणला. याची गंमत ही, की खिडकी बदलली तरी रॉड तोच चालतो. मात्र त्याचा जोड जिथे असतो तिथे पायरी असते, रिंगा तिथे अडखळतात. म्हणून नेफा बरा.

कापडाचा पन्हा मिळून रॉडच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट हवा, तरच घेर दिसतो. तयार पडदे आपल्याकडे ५, ७ आणि ९ फुटी येतात. माझा सल्ला, एक माप मोठं घ्या, आणि कापू नका, दुमडा. आत खोल दुमड ठेवून कच्ची शिलाई मारा. पुढच्या घरात खिडकी उंच निघाली तर उसवता येते. आणि एकच प्रकार कायमचा घ्यायचा असेल तर टेप शिवलेला हुकांचा पडदा घ्या. ट्रॅक मिळाला तर हूक रनरमध्ये, पाइप मिळाला तर तेच हूक रिंगांमध्ये. भिंत कुठलीही असो, याचं जमतं.

हे सगळं एवढं सविस्तर का लिहिलं? कारण आमच्या ऑफिसातल्या निम्म्या पोरांच्या खिडकीला चादर खोचलेली असते, नाहीतर वर्तमानपत्र चिकटवलेलं. विचारलं की उत्तर एकच, "स्वतःचं घर झालं की बघू." तीन वर्षं जातात, पाच जातात. हप्त्यांचं गणित जमत नाही आणि वर्तमानपत्र पिवळं पडतं. मला हे पटत नाही. आपलं घर अजून व्हायचंय म्हणून आज जिथे झोपतो-उठतो ती जागा धर्मशाळेसारखी ठेवायची, हा कुठला न्याय? उलट सगळा इतिहास सांगतो, की घरातलं जे हलतं तेच आधीपासून आपलं होतं. त्यासाठी लोक कोर्टात भांडले आणि शेवटी जिंकले. भिंत मालकाची, रॉड मालकाचा, हे कबूल. पण सकाळचं ऊन खोलीत कुठल्या रंगाचं होऊन येणार हे ठरवायला सातबारा लागत नाही.

असो. उद्या रविवार आहे. मोजपट्टी काढा, आधी रॉडची जाडी, मग लांबी, मग रॉडपासून जमिनीपर्यंतची उंची कागदावर लिहा, आणि मगच बाजारात जा.